लिलाबाईचं चौथं मृत्युपत्र

टाचणी निघत नव्हती. डोक्याकडून ओढली तर कागद फाटेल, टोकाकडून रेटली तर बोटात घुसेल, आणि घुसली तरी लवकर कळायचं नाही, कारण साखरेच्या आजारानं बोटांची टोकं दोन वर्षांपासून बधिर करून ठेवलेली – मागल्या उन्हाळ्यात तव्याला हात लागला तेव्हा आधी कातड्याचा वास आला होता आणि मग समजलं होतं की जळतंय ते आपलंच. नऊ वर्षांत टाचणी गंजून कागदालाच धरून बसली होती. लिलाबाईनं चष्मा कपाळावर सरकवला, कागद खिडकीकडे धरला. खरं म्हणजे टाचणी काढायची काही गरज नव्हती. आतला मजकूर तिला पाठ होता. पण आज काहीतरी करायचंच असं ठरवून बसलेल्या माणसाच्या हाताला चाळा लागतो, आणि टाचणी काढणं हे मृत्युपत्र बदलण्यापेक्षा केव्हाही सोपं.

"काय शोधून राह्यल्या आई?"

रत्नमाला दारात उभी होती, कोपरापर्यंत पीठ लागलेली. लिलाबाईनं कागद उशीखाली सारला, आणि सारल्यावर तिला स्वतःचाच राग आला. अडुसष्ट वर्षांची बाई, एकतीस वर्षं तांड्यावरची अंगणवाडी चालवलेली, आणि सुनेला पाहून कागद लपवते!

"काही नाही वं. डॉक्टरच्या चिठ्ठ्या पाहून राह्यली."

"त्या त् म्या कालच पिशवीत ठेवल्या. भाकरी खाऊन घ्या, दहाची काळीपिवळी सापडली त् बरं, नाही त् मानोऱ्यात दवाखान्यात नंबर लागत नाही."

हाव, म्हणून लिलाबाई बसून राहिली. सून परत चुलीकडे गेली. भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला – एकसारखा, न घाईचा. सात महिन्यांत या आवाजात काही फरक पडला नव्हता. धम्मरत्न गेला त्याच्या तिसऱ्या दिवशीही भाकरी अशीच थापली गेली होती, कारण लिलाबाईला सुई टोचल्यावर वेळेत खावं लागतं. आणि आजूबाजूच्या बायांनी तेवढ्यावरून नाकं मुरडली होती – पाह्य वं, कशी थापून राह्यली, डोळ्यात टिपूस नाही. लिलाबाईनं त्यांना काही म्हटलं नाही. खोटं कशाला बोला, तिलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. नवरा मेलेल्या बाईचा हात थोडा तरी कापावा…

मानोरा रस्त्यावर, दिवे नसलेली ट्रॉली, सोयाबीनची पोती वरपर्यंत रचलेली, रस्त्यातच उभी. एवढंच. त्याच्यापुढं सांगण्यासारखं काही नाही आणि सांगितलं तरी त्यातून काही निघत नाही. धाकटा पोरगा, एकोणचाळीस वर्षांचा.

आणि कागदात तो जिवंत होता. उशीखालच्या त्या दोन पानांत स्वच्छ लिहिलेलं – राहतं घर तीन खोल्यांचं व इंझोरी शिवारातली दोन एकर जमीन माझ्या पश्चात माझा धाकटा मुलगा धम्मरत्न यास मिळावी व त्याच्या पश्चात त्याच्या मुलाबाळांस. हा तिचा तिसरा कागद. पहिला केला तो ग्यानबा, म्हणजे तिचा नवरा, वारला त्या साली. घर आणि जमीन तिच्याच मानधनातून, तिच्याच नावानं घेतलेली, म्हणून कागदही तिनंच करायचा. त्यात दोघा पोरांना निम्मं निम्मं. दुसरा केला अनुपनं, मोठ्यानं, पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा. अनुप स्वतःच म्हणाला होता की आई, मला इथलं काही नको, धाकट्याला दे. तिसरा धम्मरत्नच्या लग्नानंतर. गावातले लोक हसायचे – लिलाबाई मरायच्या आधी मरणाची तयारी दर दोन-चार वर्षांनी नवी करते म्हणून. हसू देत. वाटण्या न करता मेलेल्यांची पोरं तिनं पाहिली होती, शेताच्या धुऱ्यावरून एकमेकांची डोकी फोडताना.

तिसऱ्या कागदाच्या वेळी पंजाबराव अर्जनवीस लिहिता लिहिता थांबला होता. मानोऱ्याला रजिस्ट्रीच्या कार्यालयाबाहेर टिनाच्या शेडमध्ये त्याचं टेबल. पेन कानावर ठेवून म्हणाला, "सुनेचं नाव टाकाचं का लिलाबाई? पोराच्या मागं सुनेले, असं?"

आणि ती म्हणाली होती, "कायले? सून म्हंजे काय, आज हाय, उद्या गेली निघून त्? पोरंबाळं होतीनच न त्याहिले."

पोरंबाळं झाली नाहीत. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेले. तेव्हाच कागद बदलायला हवा होता. पण ते बदलायचं म्हणजे लिहून द्यायचं की आता होणार नाहीत, आणि असं कोण लिहून देतं… आणि आता, बैल गेला अन् झोपा केला. गेल्या महिन्यात पंजाबराव बाजारात भेटला तेव्हा, जयभीम झाल्यावर, भर रस्त्यात, भाजीच्या पिशव्या हातात असताना त्यानं तिला समजावून सांगितलं होतं: ज्याले दिलं तो तुमच्या आधी गेला, त्याले लेकरू नाही, म्हंजे तुमचा कागद आता रिकामा. तुमचं आज बरंवाईट झालं त् समदं अनुपले. सुनेले काई नाही. नवऱ्याची मिळकत राह्यती त् गोष्ट वेगळी होती, पन हे तुमच्या नावचं हाय. सासूच्या मिळकतीत मेलेल्या पोराच्या बायकोचा वाटा निघत नाही. घरातून निघ म्हनलं त् निघा लागते तिले.

एक महिना झाला याला. महिनाभर लिलाबाई रोज उठून ठरवत होती.

काळीपिवळीत त्या दोघी मधल्या सीटवर बसल्या. बाहेर तुरी फुलावर आल्या होत्या, पिवळ्या. रत्नमालानं पदर नाकाला लावला होता, धुळीनं तिला खोकला येतो. लिलाबाई तिच्याकडे तिरक्या नजरेनं पाहत होती. तेहतीस वर्षं वय. आठ दिवसांपूर्वी तिचा भाऊ रिसोडहून आला होता; अंगणात बाजेवर बसून हळू आवाजात बोलत होता, पण लिलाबाईची साखर बोटांत उतरली होती, कानांत नाही. एक मास्तर आहे, बायको वारलेली, एक पोरगी आहे पाचवीतली, मानूस बरा हाय, दारू नाही काही नाही, तू किती दिवस इथं बसशीन? रत्नमाला काय म्हणाली ते मात्र ऐकू आलं नाही. नेमकं तेव्हाच कुकरची शिट्टी झाली. तेव्हापासून लिलाबाई वाट पाहत होती – सून आज सांगेल, उद्या सांगेल. जाते म्हणून सांगेल. आणि मग सुई कोण टोचणार, पायाला तेल कोण लावणार, चक्कर आली की साखर कोण चारणार? छे! हे असलं मनात येतं याचीच तिला लाज वाटायची. पण येत होतं.

फोन वाजला. अनुप.

"आई, कुठे आहेस? आवाज कसला येतोय?"

"दवाखान्यात चालली."

"बरं. ऐक, तू मागं म्हणालीस तो कागद बदलायची घाई करू नको. मी पुढच्या महिन्यात येतो, बसून बोलू. वहिनीचंही वय आहे, तिचा भाऊ बघतोय ना काहीतरी… तिचं मार्गी लागलं की तू पुण्याला ये. घर काय, बंद ठेवू किंवा बघू."

"हाव," ती म्हणाली. अनुप वाईट नव्हता. धाकट्याच्या पुण्यानुमोदनाला आला तेव्हा विहाराच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला होता. बंद ठेवू किंवा बघू – यातही त्यानं वाईट काय म्हटलं? बंदच राहील की घर. पण त्या 'बघू'मध्ये रत्नमाला कुठं उभी होती ते लिलाबाईला दिसेना.

नाव खोडणं तिला कधीच जमलं नाही, ही खरी गोष्ट. अंगणवाडीच्या वहीतसुद्धा. दसऱ्यानंतर तांडा ऊसतोडीला जायचा, पोरं आईबापाच्या मागं, आणि नियम असा की स्थलांतरित म्हणून नाव कमी करा. लिलाबाई करायची नाही. कमी केलं की आहार बंद, आणि परत आल्यावर पुन्हा चढवायला महिना जातो. त्या महिन्यात पोरानं काय खावं? म्हणून ती नावं तशीच ठेवायची, वजनं अंदाजानं भरायची. एका साली लखीरामची निकिता, अडीच वर्षांची, तिकडं उसाच्या फडावर तापानं गेली. फोनवरून तांड्यावर बातमी आली. लिलाबाईनं वही उघडली, निकिताच्या रकान्यात मागच्या महिन्याचं वजन होतं नऊ किलो दोनशे. तिनं पेन धरला… आणि लिहिलं नऊ चारशे. पुढच्या महिन्यात नऊ सहाशे. का लिहिलं, हे तिला आजही सांगता येणार नाही. वैशाखात निकिताची माय परत आली, अंगणवाडीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, बाई, माह्या पोरीचं वजन दाखव न एकदा, शेवटचं. लिलाबाईनं वही दाखवली नाही. कशी दाखवणार? मेल्यावर चारशे ग्रॅम वाढलेली पोर!

दवाखान्यात गर्दी होती, तरी नंबर बाराच्या आत लागला. रक्त तपासलं, सुईचा डोस वाढवला. मग लिलाबाईनं हळूच सांगितलं की एक दाखला पाहिजे, शुद्धीत असल्याचा. रत्नमालाला तिनं बँकेत लागतो म्हणून सांगून ठेवलं होतं. डॉक्टरीण पोरगेलीशी होती. तिनं कागद पुढं ओढला.

"आजी, आज वार कोणता?"

"बुधवार."

"शंभरातून सात गेले तर?"

"त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर." लिलाबाई थांबायला तयार नव्हती. एकतीस वर्षं लोकांची पोरं मोजलेली बाई.

डॉक्टरीण हसली. "पुरे, पुरे. मुलं किती तुम्हाला?"

"दोन."

"काय करतात?"

"मोठा पुन्याले कंपनीत हाय." मग एक श्वास. आता म्हणायचं होतं. साधं वाक्य होतं, गावात सगळे म्हणत होते, ट्रॉलीवाल्याच्या वकिलानं म्हटलं होतं, ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर छापलेलं होतं. "लहाना… लहाना शेती करते."

खोलीतला पंखा फिरत होता. लिलाबाईनं मान वळवली नाही. बाजूच्या स्टुलावर रत्नमाला होती, मांडीवर पिशवी, पिशवीत त्याच्याच मृत्यूच्या दाखल्याची प्रत – रेशनकार्डाला लागते म्हणून ती कायम बरोबर ठेवायची. आता ही म्हणेल. म्हणायलाच पाहिजे. शुद्धीत नाही म्हातारी, मॅडम.

"सोबत तुम्ही कोण?" डॉक्टरणीनं विचारलं. "सून ना? बरोबर आहे ना आजी सांगतात ते?"

"हाव," रत्नमाला म्हणाली. "शेती करतात ते."

करतात. तिनं करतात म्हटलं. डॉक्टरणीनं सही केली, शिक्का मारला. लिलाबाई शुद्धीत होती, सरकारमान्य.

बाहेर आल्यावर रत्नमाला औषधांच्या दुकानासमोरच्या रांगेत उभी राहिली, आणि लिलाबाई, बँकेत जाऊन येतो वं, म्हणून निघाली. चालता चालता डोक्यात एकच घोळत होतं: काहून म्हणाली? दया आली म्हणून? की तिला ठाऊक आहे दाखला कशाला पाहिजे ते, आणि दाखला अडू नये म्हणून? पहिलं असेल तर पोरगी देवमाणूस, दुसरं असेल तर पक्की. आणि मग तिला असंही वाटलं की तिसरं काही असेल, जे मला समजत नाही… मी नऊ वर्षं हिच्या हातचं खाते आणि मला ही समजत नाही.

पंजाबरावनं खुर्ची पुसून दिली. जुना कागद वाचला, दाखला पाहिला, कोरा कागद घेतला आणि वाचत वाचत लिहू लागला. "मी लिहून ठेवते की, माझा धाकटा मुलगा धम्मरत्न हा मयत झाला असल्याने…"

"हे नोको लिवू."

"आं?"

"हे नोको. पुढचं लिव."

"पुढचं कसं लिवू, लिलाबाई?" पंजाबराव काही दुष्ट माणूस नव्हता, त्यानं चष्मा काढला. "जुना कागद काहून बदलला ते सांगा लागते. उद्या अनुपनं वकील लावला त् पयलं हेच पाह्यतीन. तुमच्या सुनेच्याच भल्याचं हाय."

तिनं मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, तिलाच कळलं नाही. पंजाबरावनं होय धरलं. पेन कागदावर खरखरत गेला. मयत. तिनं त्या शब्दाकडे पाहिलं नाही, रस्त्याकडे पाहिलं. एक बाई दोन शेळ्या हाकत चालली होती, एक शेळी लंगडी. पुढचं कानावर पडत होतं – राहते घर व जमीन माझी सून रत्नमाला हिला मिळावी… आणि मग पेन थांबला.

"एक विचारतो. सून तरनी हाय. दुसरं लगन केलं त् हक्क जाईन, अशी अट टाकू का? लोकं टाकतात. नाही त् उद्या परका मानूस येऊन तुमच्या घरात बसन."

लिलाबाईला त्या क्षणी जे झालं त्याचं नाव तिला ठाऊक नव्हतं. रिसोडचा मास्तर, पाचवीतली पोरगी, अंगणातली बाज, हळू आवाजातलं बोलणं – सगळं एका ओळीत बसत होतं. एक ओळ. घर पाहिजे तर राह्य, जायचं तर मोकळ्या हातानं जा. अन्याय थोडाच होता? आपल्या समाजात बाईनं दुसरं करण्याला कोणी वाईट म्हणत नाही, ती स्वतःसुद्धा तांड्यावरच्या विधवा पोरींना सांगायची, करा वं, आयुष्य पडलं हाय. दुसऱ्याच्या पोरींना.

"टाक," ती म्हणाली.

पंजाबरावनं टाकलं. कच्चा मसुदा होता. शुक्रवारी दोन साक्षीदार घेऊन या, फोटो आणा, आधारकार्ड आणा, तेव्हा पक्कं करू. तिनं कागद घडी करून पोलक्यात ठेवला आणि परत येताना तिला जाणवलं की पाय दुखत नाहीयेत.

परतीच्या जीपमध्ये दोघींना मागची सीट मिळाली. रत्नमालानं औषधांची पिशवी पायाशी ठेवली, सासूच्या पाठीशी आपली शाल घडी करून लावली, खड्डे लागतात म्हणून. जीप मानोरा सोडून बाहेर आली.

"आई, एक सांगाचं होतं."

आलं. लिलाबाईनं समोरच्या सीटची कड धरली.

"माहा भाऊ आला होता न मागं, तो एक जागा घेऊन आला होता माह्यासाठी. रिसोडचे मास्तर हायेत. तुमाले सांगतलं नाही, वाईट वाटन म्हणून." रत्नमाला बाहेर पाहत बोलत होती. "कालच फोन करून सांगतलं म्या त्याले. नाही म्हणून."

"काहून?"

"काहून म्हंजे?" तिला प्रश्नाचंच नवल वाटलं. "मानूस बरा हाय म्हनते भाऊ. असन. पन त्याचं घर त्याचं, त्याच्या पोरीचं. उद्या उठ म्हनलं त् कुठं जाऊ? इथं त् मले कोनी उठ म्हनत नाही. हे सांगत होते न नेहमी, आईनं घर आपल्या नावानं लिवून ठेवलं हाय, मी नसलो तरी तुले कोनी हात लावनार नाही. तेवढ्यासाठी दुसऱ्याच्या दारात काहून जाऊ? आन् तुमाले कोन पाह्यन?"

लिलाबाईला बरं वाटलं. हे आधी झालं, बाकीचं नंतर. छातीवरचा दगड उतरावा तसं सरळ, पोटापर्यंत बरं वाटलं: जात नाही. राहणार. सुई, तेल, भाकरी, सगळं राहणार. जीपनं नाल्यावरचा पूल ओलांडला तोवर ते बरं वाटणं अंगभर पसरलेलं होतं.

मग तिला ऐकू आलं, सून काय म्हणाली ते. धम्मरत्ननं तिला सांगून ठेवलं होतं. वेड्या पोरा, कागद न वाचता! आणि त्या सांगण्यावर हिनं काल एक अख्खं आयुष्य फोनवर परत पाठवलं. त्या कागदावर, ज्यात हिचं नाव नऊ वर्षांपूर्वी मीच घालू दिलं नाही.

सांगावं. आत्ता. नाही वं माय, तसं नाही, तुझं नाव नाही त्यात, भावाले परत फोन लाव, मास्तर अजून कुठं गेला नसन. वाक्य पूर्ण तयार होतं, जिभेवर होतं, नुसतं तोंड उघडायचं होतं. जीप एका फाट्यावर थांबली, दोन माणसं उतरली, एक बाई कोंबडी घेऊन चढली. जीप निघाली. वाक्य होतं तिथंच होतं. शुक्रवारी सांगू, असंही तिच्या मनात आलं. शुक्रवारी पक्का कागद झाला, त्या अटीसकट, की मग सांगायची गरजच काय. एवढे महिने तिला वाटत होतं, आपण त्याचं नाव खोडत नाही ते पोरावरच्या मायेनं. लोकांनाही तसंच वाटत होतं. बिचारी लिलाबाई.

"पाय दुखून राह्यले का?" रत्नमालानं विचारलं. "घरी गेल्यावर मिठाच्या पान्यानं शेकून देतो."

"हाव," लिलाबाई म्हणाली.

आणि कोमट पाण्याच्या नुसत्या विचारानंच तिला पुन्हा बरं वाटलं. या खेपेला तिनं स्वतःला ते वाटताना पाहिलं. इंझोरी अजून चार किलोमीटर होती.